कॅसिओपिया ए: स्पंद नसताना तो न्यूट्रॉन तारा कसा ठरला?

प्रश्न

शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए हा सुपरनोव्हाचा (ताऱ्याच्या महास्फोटाचा) अवशेष आपल्यापासून सुमारे 11,000 प्रकाशवर्षे दूर आहे. 1999 च्या ऑगस्टमध्ये नासाच्या ‘चंद्रा’ या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या पहिल्याच क्ष-किरण चित्रात मध्याजवळ एक ठिपका दिसला. क्रॅब तेजोमेघ या दुसऱ्या अवशेषातील पल्सार (फिरता न्यूट्रॉन तारा) सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरतो आणि त्याचे स्पंद, म्हणजे ठरावीक अंतराने येणारे झोत, स्पष्ट मिळतात. या ठिपक्याचे स्पंद मात्र ना क्ष-किरणांत सापडले, ना रेडिओलहरींत. मग त्याला न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, म्हणण्याचा आधार कोणता? ते कृष्णविवर का नसावे? शिवाय आपल्या भारताच्या अवकाश वेधशाळेने, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटने हे निरीक्षण करता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद 1

मुख्य आधार वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे क्ष-किरण किती येतात याच्या नोंदीचा आहे. वर्णपटावरून तापमान समजले की पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून किती ऊर्जा बाहेर पडते ते काढता येते, आणि अंतर ठाऊक असल्याने एकूण तेजस्विताही मिळते. या दोहोंवरून तप्त भागाची त्रिज्या निघते. खरी मेख इथेच आहे, कारण तापमान किती निघेल हे ताऱ्याचे वातावरण कशाचे मानले यावर अवलंबून असते. हायड्रोजनचे मानल्यास त्रिज्या जेमतेम चार-पाच किलोमीटर येते. तेवढाच भाग तापलेला असेल, तर तारा फिरताना स्पंद दिसण्याची अपेक्षा धरावी लागते, आणि ते तर मिळत नाहीत. 2009 मध्ये विन हो आणि क्रेग हाइन्के या खगोलशास्त्रज्ञांनी कार्बनचे वातावरण गृहीत धरले, तेव्हा तापमान कमी निघून त्रिज्या 10 ते 14 किलोमीटर आली, म्हणजे अख्ख्या न्यूट्रॉन ताऱ्याएवढी. एकाच गृहीतकाने आकार आणि स्पंदांचा अभाव या दोन्ही अडचणी सुटतात, म्हणून मला हा युक्तिवाद फार भक्कम वाटतो.

कृष्णविवर असते, तर त्याच्यात बाहेरून पदार्थ पडत असल्याशिवाय एवढे क्ष-किरण निघाले नसते, आणि अशा वेळी तेज सहसा वरखाली होत राहते. इथे ते जवळपास स्थिर आहे. शिवाय अवरक्त निरीक्षणांतही कोणी जोडीदार तारा आढळलेला नाही.

प्रतिसाद 2

वरील विवेचनाला एक पुस्ती जोडतो. 2010 मध्ये याच दोघांनी हा तारा दहा वर्षांत सुमारे 4 टक्के थंड झाल्याचे मांडले, आणि गाभ्यातील न्यूट्रॉन अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणारे) होत असल्याने न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांवाटे ऊर्जा झपाट्याने निघून जाते, असा अर्थ पुढच्या वर्षी दोन गटांनी लावला. कल्पना विलक्षण आहे, पण मोजमापाकडे बारकाईने पाहायला हवे. चंद्रा दुर्बिणीचा कॅमेरा नेहमीच्या पद्धतीत सुमारे 3.2 सेकंदांची एकेक चौकट घेतो. तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन (प्रकाशकण) पडले, तर ते अधिक ऊर्जेचा एकच फोटॉन म्हणून नोंदले जातात आणि वर्णपट बिघडतो. त्यातच कॅमेऱ्यासमोरील गाळणीवर वर्षानुवर्षे मळ साचत गेल्याने कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडतात, त्यामुळे तारा थंड झाला की उपकरणाची संवेदनशीलता घटली हे वेगळे करणे अवघड होते. फोटॉनांची ही गल्लत टाळण्यासाठी कमी वेळाच्या चौकटींची निरीक्षणे घेण्यात आली. पुढील विश्लेषणांत थंड होण्याचा दर बराच खाली आला आहे.

प्रतिसाद 3

अ‍ॅस्ट्रोसॅटवरील सौम्य क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, त्यामुळे आपल्या प्रश्नामागची आस्था मी समजू शकतो. परंतु तिची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या गोष्टी वेगळ्या दाखवण्याची क्षमता, सुमारे 2 कलांची आहे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि हा संपूर्ण अवशेष जेमतेम 5 कलांचा. ठिपक्याचा मंद प्रकाश भोवतालच्या तेजस्वी वायूत पूर्णपणे मिसळून जाईल. चंद्रा दुर्बिणीची क्षमता अर्ध्या विकलेची (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आहे, म्हणूनच तो ठिपका तिला वेगळा दिसला. अ‍ॅस्ट्रोसॅटने क्रॅबच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) मोजून मोलाची भर घातली आहे, पण तिथे मध्यवर्ती पल्सार स्वतःच प्रखर आहे आणि त्याच्या स्पंदांमुळे तो वेगळा काढता येतो. कॅसिओपिया ए वर स्वतः काम करायचे असेल, तर चंद्रा दुर्बिणीची जुनी निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. निवडताना प्रत्येक नोंदीतील चौकटीचा कालावधी आधी तपासावा.