लग्नाचा कचरा सड्यावर सापडला, आत चिठ्ठी आमची होती

पेडणेकरीण

नमस्कार. गोव्यात पेडणे तालुक्यात आमचं केटरिंग आहे, मी आणि माझा दीर मिळून चालवतो. दीडशे ते चारशे पानांची लग्नं, मुंजी, देवळातल्या समाराधना.

मे महिन्यात एका सकाळी पंचांचा फोन आला, "वहिनी, सड्यावर या, तुमचं सामान पडलंय." गेलो तर त्या कातळाच्या माळावर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या तोंडाशी आमच्या अकरा काळ्या पिशव्या. एकीतून आमचीच ऑर्डरची चिठ्ठी निघाली: हॉलचं नाव, २८० पानं, सोलकढी, मणगणं, खाली माझा नंबर. बाजूला एक गाय पनीरचं पाकीट चघळत उभी होती. दिराने तिच्या तोंडातून ते ओढून काढलं, तोवर अर्धं गिळून झालं होतं. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पिशव्या नेणारा पिकअपवाला खेपेला दीड हजार घ्यायचा. कुठे नेतोस, असं मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. पैसे दिले की आपलं काम झालं, असं धरून चालले. दंड भरला आणि तो भरायलाच हवा होता. त्या व्हाळाचं पाणी खाली ज्यांच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत उतरतं, त्यांच्या घरची दोन लग्नं आमच्याच हातची आहेत. त्यांना तोंड दाखवताना फार जड गेलं.

आता तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू. नवा माणूस ठरवण्याआधी त्याला काय काय विचारू? कोणता कागद मागू? तळणीच्या तेलाचं तुम्ही काय करता? कृपा करून अनुभवातलं सांगा.

जुना पंच

वहिनी, मी पंच होतो तेव्हा अशा पिशव्या फोडून नावं शोधायचं काम स्वतः केलंय. नाव निघतं ते दुकानाचं, हॉटेलचं. गाडीवाल्याचं एकदाही निघालं नाही. म्हणून "कुठे नेणार?" याचं उत्तर जागेच्या नावासकट घ्या. "बाहेर नेतो" म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. साळगावला २०१६ पासून प्रकल्प आहे, ओल्या कचऱ्यातून तिथे गॅस आणि वीज काढतात. तुमच्या पंचायतीचा माल नक्की कुठे जातो, ते सचिवांना विचारा आणि फी भरून तुमचाही त्याच वाटेने जाईल असं लेखी घ्या. खाजगी माणूस ठेवलात तर दर खेपेची पावती हवी: तारीख, गाडीचा नंबर, वजन, उतरवल्याची जागा. पावती हातात आल्यावरच पैसे.

आणखी एक. अंगणात, भाटात (बागायतीत) मांडव घालून शंभरावर माणसं जमणार असतील, तर घनकचरा नियमांप्रमाणे पंचायतीला कामकाजाचे निदान तीन दिवस आधी कळवावं लागतं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यावा लागतो. हे यजमानांना माहीत नसतं. ऑर्डर घेतानाच सांगत जा.

फोंड्याचा भंगारवाला

सोलकढी सांडलेला पुठ्ठा मी घेत नाही, दुसराही कोणी घेणार नाही. कोरडा पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे पत्र्याचे डबे विकत घेतो. कागदी ग्लास रद्दीत घालू नका ताई, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. चकचकीत पाकिटांना बाजारात भाव नाही. ती गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांना जातात, पण सुकी असली तरच कामाची. एक ओली पिशवी सुक्यात गेली की सगळी गोण फुकट.

म्हापसेकर

तेल मोरीत बिलकूल ओतू नका. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे खराब घटक, ज्यांना पोलर घटक म्हणतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आम्ही थंड करून, गाळून पंधरा लिटरच्या डब्यात भरतो. बायोडिझेलसाठी नोंदणी झालेले लोक येऊन नेतात, वर पैसेही देतात. रस्त्यावर विकत मागणाऱ्याला देऊ नका, ते तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत जातं.

पेडणेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा २२० पानांचं लग्न झालं, तेव्हा करून बघितलं.

तीन पिंपं ठेवली. पहिल्या पंक्तीला वाढप्यांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि सगळं एकत्र झालं. दुसरीपासून भांडी घासणाऱ्या मावशींना तिथे बसवलं, कारण शेवटी पान त्यांच्याच हातात येतं. मग एकही चमचा चुकला नाही. केळीची पानं आणि उरलेलं अन्न त्याच कुळागरात गेलं, ज्यांचा व्हाळ आम्ही घाण केला होता. मी स्वतः विचारायला गेले होते. त्यांनी एकच अट घातली: आमटी गाळून आणा, नाही तर खड्डा आंबतो. वर सुका पाला आणि शेणकाला त्यांनीच घातला.

कागदी ग्लास बंद करून स्टीलचे पेले काढले. धुवायला एक बाई जास्त लागली, सहाशे रुपये. बिलात तशी वेगळी ओळ लिहिली, यजमानांनी काही न बोलता दिले. सुक्याच्या पिशव्या तीन भरल्या. पंचायतीच्या गाडीने नेल्या, पावतीवर जागा लिहून घेतली.

एक मात्र राहिलं. सजावटवाला फुलं खोचायच्या हिरव्या स्पंजचे वीस-पंचवीस ठोकळे हॉलच्या मागे टाकून गेला होता. भिजलेले, हात लावला की चुरा होणारे. त्याला फोन करून परत न्यायला लावले. भंगारवाले भाऊ, त्याचं पुढे काय करता येतं? पुढचं लग्न शुक्रवारी आहे आणि सजावटवाला तोच आहे.