एरविकुलमला नीलगिरी ताहर पाहण्यासाठी फेब्रुवारीत जावे का?

सातरस्ता: नमस्कार. आम्ही सोलापूरचे. येत्या फेब्रुवारीत मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा आमचा विचार आहे. मार्चपासून मुलाची परीक्षा असल्यामुळे त्याआधी जाऊन यावे, असे वाटते. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील. त्यांना कितपत चालावे लागेल, आणि ताहरबरोबर (म्हणजे डोंगरात राहणाऱ्या रानबकऱ्यांबरोबर) हत्ती किंवा वाघ दिसण्याची शक्यता आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

विजापूरवेस: फेब्रुवारीचा बेत पुढे ढकलावा. ताहरचा मीलनकाळ पावसाळ्यात असतो आणि गर्भकाळ सुमारे सहा महिन्यांचा, त्यामुळे बहुतेक पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत जन्मतात. माद्यांना आणि पिल्लांना त्रास होऊ नये म्हणून केरळचे वनखाते साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवते. नेमक्या तारखा दरवर्षी जाहीर होतात. त्या पाहिल्याखेरीज रेल्वेचे आरक्षण करू नये. परीक्षा आटोपल्यावर एप्रिलच्या उत्तरार्धात गेलात, तर कळपात पिल्लेही दिसतील आणि सोलापूरच्या उन्हातून काही दिवस सुटकाही होईल. पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. आलुव्याला उतरल्यास तेथून मुन्नार रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर आहे. एप्रिल असला तरी स्वेटर घ्यावेत.

चालण्याविषयी: खासगी वाहने आत सोडत नाहीत. प्रवेशद्वारापासून वनखात्याची बस राजमलापर्यंत नेते आणि पुढे चढणीची डांबरी वाट पायी चालायची असते. आई-वडिलांना जमेल तेवढेच चालू द्यावे, कारण ताहर पुष्कळदा वाटेच्या कडेलाच चरत असतात.

माळरान: वाघ-हत्तींच्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो. उद्यानात हत्ती, गवे, बिबटे, रानकुत्री आणि वाघही आहेत; परंतु पर्यटकांना खुला असलेला भाग अगदी लहान, तोही वर्दळीचा, म्हणून त्यांची आशा धरून जाऊ नये. एरविकुलम हे ताहरचे उद्यान आहे. सुमारे ९७ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि या प्राण्याची सर्वांत मोठी संख्या आजही येथेच आहे. आपल्या महाराष्ट्रातील सह्याद्रीत तो आढळत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट पाहिलेल्या सोलापूरकराला येथील निसर्ग समजायला सोपा जाईल, असे माझे मत आहे, कारण येथेही मुख्य अधिवास जंगलाचा नसून गवताचा आहे. दऱ्यांच्या खोबणीत बुटक्या, दाट झाडांची शोला वने आणि त्यांच्यावर उघडे गवताळ उतार, अशी ही रचना असते. फरक संरक्षणाच्या रीतीत आहे: काळवीट मोकळ्या माळावर वेगाने पळून जीव वाचवते, तर ताहर शत्रूची चाहूल लागताच उभ्या कड्यावर चढतो. म्हणून दुर्बीण केवळ गवतावर न फिरवता वरच्या खडकांवरही फिरवावी. पूर्ण वाढलेला नर गडद तपकिरी असतो आणि त्याच्या पाठीवर खोगिरासारखा रुपेरी पट्टा दिसतो. शक्यतो सकाळची पहिली बस धरावी, कारण दुपारी कळप बसून राहतात आणि एकदा धुके उतरले की पाच पावलांवरचेही दिसत नाही. ताहर माणसाला सरावलेले असले तरी त्यांना खाऊ घालणे किंवा हात लावणे कटाक्षाने टाळावे. लोक फोटोसाठी त्यांच्या अंगाला खेटून उभे राहतात, हे पाहून फार चीड येते.

सातरस्ता: दोघांचे मनःपूर्वक आभार. एप्रिलअखेरचे आरक्षण पाहतो. आईला नीलकुरिंजीची फुले पाहायची आहेत. ती तेव्हा असतील का?

माळरान: नाही. ती बारा वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलते. मागचा मोठा बहर २०१८ मध्ये आला होता, त्यामुळे पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. तोही साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, एप्रिलमध्ये नव्हे.