सायकोडायनॅमिक समुपदेशन: खोलीत नेमकं घडतं काय?

शाईपेन

शाळकरी मुलांसोबत काम करताना त्यांना किंवा त्यांच्या पालकांना समुपदेशकाकडे पाठवायची वेळ बरेचदा येते. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) समजावून सांगणं सोपं जातं: नोंदी, गृहपाठ, मोजकी सेशन्स. सायकोडायनॅमिक (नकळत काम करणाऱ्या भावना आणि जुन्या नात्यांचे ठसे समजून घेणारी पद्धत) म्हटलं की पालक आधी विचारतात, "म्हणजे बालपण उकरून काढणार का?" आणि मग, "नुसतं बोलून काय होणार?" ट्रान्सफरन्स (जुन्या नात्यांतल्या भावना समुपदेशकावर येणं), बचाव यंत्रणा (नकोशा भावना टाळायच्या मनाच्या युक्त्या) वगैरे वाचलंय. मला हवंय ते प्रत्यक्ष कामाबद्दल. मोठी माणसं, सात-आठ वर्षांची मुलं आणि टीनएजर्स यांच्या कामात फरक काय? त्रास मुलाला असताना आईवडिलांना का बोलावतात? आणि ही पद्धत कुठे वापरू नये?

मध्यमपदलोपी

मोठ्यांबद्दल लिहितो, मुलांचं काम करणारे पुढे लिहितीलच.

बालपण उकरणं हा हेतू नसतो. माणूस आज त्याच त्या पेचात पुन्हा पुन्हा का सापडतो, हे त्याला कळावं आणि त्यातून वेगळं वागायची मोकळीक मिळावी, हा हेतू. मनोविश्लेषक डेव्हिड मलान यांनी १९७९ मध्ये दोन त्रिकोण एकत्र मांडले, ते अजूनही कामाला येतात. पहिल्यात दडवलेली भावना, ती वर येईल या धास्तीने होणारी घालमेल आणि ती टाळायचा बचाव. दुसऱ्यात समोर बसलेला समुपदेशक, आयुष्यातली सध्याची माणसं आणि पूर्वीची, बहुतेकदा आईवडील.

समजा, समुपदेशक दोन आठवडे रजेवर होता. नंतरच्या पहिल्या सेशनला क्लायंट पंधरा मिनिटं उशिरा येतो. "विशेष काही नाही, सगळं ठीक." मग बोलणं ऑफिसातल्या साहेबावर घसरतं: गरज असते तेव्हा हा माणूस नेमका जागेवर नसतो! नवखा समुपदेशक इथे साहेबाशी कसं बोलावं ते सांगायला लागतो. मुरलेला ऐकून घेतो आणि म्हणतो, "मीही दोन आठवडे नव्हतो. त्याचाही थोडा राग असेल का?" उत्तर येतं, "छे, रजा तर घ्यायलाच हवी माणसाने." हा झाला बचाव. त्यावर वाद घालायचा नाही. "माझ्यावर रागावणं जरा अवघडच वाटत असेल," एवढं म्हणून थांबायचं. काही आठवड्यांनी तोच क्लायंट सांगतो, की लहानपणी चिडलं की वडील चार-चार दिवस बोलायचे नाहीत. आता साहेब, समुपदेशक आणि वडील ही तिन्ही टोकं जुळली, आणि ती क्लायंटने स्वतः जुळवली. राग व्यक्त करूनही समोरचा माणूस टिकून राहतो, हा अनुभव त्याला त्या खोलीत मिळतो. नुसत्या बोलण्याने होतं ते हे.

म्हणूनच ठरलेला वार, तीच वेळ, तीच खोली, ५० मिनिटं असा काटेकोरपणा असतो. चौकट पक्की असली तरच उशीर, दांडी, शेवटच्या दोन मिनिटांत काढलेला महत्त्वाचा विषय या गोष्टी डोळ्यात भरतात.

बिघडतं कुठे? बहुतेकदा अर्थ सांगायच्या घाईत. दुसऱ्याच सेशनला "तुम्ही साहेबात वडील बघताय" म्हटलं तर क्लायंट "हो, बरोबर आहे" म्हणतो आणि आत काहीही हलत नाही. बोललेलं लागू पडलं का, याची खूण होकारात नसते, त्यानंतर काय येतं त्यात असते. नवी आठवण, डोळ्यांत पाणी, आवाजातला बदल असं काही आलं, तर लागू पडलं. गुळगुळीत सहमती आली, तर चुकलं किंवा लवकर झालं.

रेघोटी

लहान मुलांशी प्रश्नोत्तरं फारशी चालत नाहीत. खेळ हीच त्यांची भाषा. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९२० च्या दशकात छोट्या, साध्या खेळण्यांनी काम सुरू केलं, आणि आजही पेटीत साधारण तेच असतं: बाहुल्यांचं कुटुंब, पाळीव आणि जंगली प्राणी, कुंपणाचे तुकडे, गाड्या, कागद, रंग, माती, दोरा, चिकटपट्टी. प्रत्येक मुलाची पेटी वेगळी, ती दुसऱ्या कुणी उघडायची नाही. बॅटरीची खेळणी नकोत, कारण ती स्वतःच खेळतात आणि मुलाला करायला काही उरत नाही.

धाकटं भावंड आल्यापासून पुन्हा अंथरूण ओलं करणारी सात वर्षांची मुलगी घ्या. (शारीरिक कारण नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावंच.) ती छोटी बाहुली मातीत पुरते, वरून थापटते आणि लगेच घाबरून बाहेर काढते. "असं करू नये हं, बाळाला लागेल" म्हटलं की खेळ तिथेच आटोपला. "बाळ दिसूच नये असं वाटतं, आणि मग खरंच नाहीसं झालं तर, अशी भीतीही वाटते," हे बाहुलीबद्दल म्हणता येतं, मुलीचं नाव न घेता. द्वेष आणि धास्ती दोन्हींना शब्द मिळाले, की ते शरीरातून बाहेर पडायची गरज हळूहळू कमी होते. मर्यादा मात्र पहिल्या दिवशीच सांगायच्या: स्वतःला किंवा मला इजा नाही, खोलीची मोडतोड नाही, पेटीतलं काही घरी न्यायचं नाही.

पालकांना बोलावतात ते दोष द्यायला नव्हे, आणि हे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं. बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की पालकांच्या स्वतःच्या बालपणातलं न सोसलेलं दुःख बाळासोबतच्या वागण्यात परत उगवतं. ज्या आईला लहानपणी रडायची मुभा नव्हती, तिला लेकीचं रडणं असह्य होतं. तिची ती ठसठस कुणीतरी नीट ऐकली, की लेकीचं रडणं तिला ऐकू येऊ लागतं. शक्य असेल तर पालकांसाठी वेगळा समुपदेशक असावा. नाहीतर मुलाला वाटतं, आपलं सगळं आईबाबांना कळतंय.

आणखी एक धोका. मूल सुधारू लागलं की आधी घरात जास्त भांडू लागतं, कारण दाबलेला राग वर येतो. याची कल्पना आधी दिली नसेल, तर पालक नेमके तेव्हाच सेशन बंद करतात.

तिसरी_घंटा

मध्यमपदलोपी, उदाहरण चांगलं आहे, पण एक भर घालते. प्रत्येक उशिराचा अर्थ लावत बसू नये. गाडी चुकली असेल तर चुकली. एका घटनेवरून नव्हे, पुनरावृत्तीवरून बोलावं.

टीनएजर्सबद्दल: बहुतेक जण स्वतःहून आलेले नसतात, आणलेले असतात. म्हणून पहिल्याच भेटीत, पालकांसमोर, गोपनीयतेची सीमा सांगायची: इथलं बोलणं इथेच राहील, पण जिवाला धोका किंवा कुणाकडून छळ होत असेल तर गप्प बसता येणार नाही. लांबलचक शांतता मोठ्यांना चालते, पंधरा वर्षांच्या मुलाला ती परीक्षा वाटते. जास्त बोलकं राहावं, पण मित्र बनायला जाऊ नये. त्याला भांडता येईल असं मोठं माणूस हवं असतं.

उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये नैराश्य असलेल्या ११ ते १७ वयोगटातल्या ४६५ मुलामुलींवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ पर्यंत सेशन्स आणि पालकांसाठी ७ पर्यंत, असं मनोविश्लेषणात्मक काम त्यात सीबीटी आणि एका संक्षिप्त मनोसामाजिक उपचाराशी ताडून पाहिलं. तिन्ही गटांत लक्षणं घटली, कुठलाच वरचढ ठरला नाही. तेव्हा "हीच सर्वांत खोल पद्धत" असं सांगू नका, आणि "याला आधार नाही" हेही खरं नाही.

कुठे नको: आत्महत्येचे विचार तीव्र असतील तर आधी सुरक्षा आणि मानसोपचारतज्ज्ञ. घरात मारहाण चालू असेल तर आधी मारहाण थांबवणं. तिथे अबोध अर्थ शोधणं हा अन्याय आहे. ओसीडीत (नकोसे विचार घोळत राहून त्याच त्या कृती कराव्या लागणं) आधी भीतीला सामोरं जाऊन कृती रोखण्याचा सराव. सायकोसिसच्या (वास्तवाचं भान सुटणं) तीव्र अवस्थेत तर नकोच.

शाईपेन

फार उपयोगी. पालकांनी पहिल्या भेटीत काय विचारावं?

रेघोटी

प्रशिक्षण कुठलं आणि मुलांच्या कामाचं वेगळं झालंय का. स्वतः थेरपी घेतली आहे का. सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीकडून स्वतःच्या कामावर मार्गदर्शन) नियमित चालू आहे का. "आता गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघावं. सुट्ट्या किती आधी कळवणार, चुकलेल्या सेशनची फी लागते का, शाळेला काय सांगितलं जाईल. आणि शेवट कसा ठरणार हेही विचारावं. वर्षभराच्या कामाची सांगता किमान महिना-दोन महिने आधी मुलाला सांगून, उरलेल्या सेशन्सची खूण त्याला स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर करू द्यावी लागते. फी भरली, पुढच्या आठवड्यापासून यायचं नाही, असं तडकाफडकी झालं तर मूल समजतं की आपणच काहीतरी केलं.