महिन्याची यादी महिना संपल्यावर कशाला टाकता?

खिडकीची_सीट
संथवाचक यांचा 'सप्टेंबरमध्ये काय बघाल, काय ऐकाल' हा धागा वाचला आणि डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. यादी आली 30 तारखेला. त्यात बॅड्स ऑफ बॉलिवूड, लोका, होमबाउंड अशा हिंदी-मल्याळम गोष्टी, इंग्रजी सिरीज, ढीगभर पॉडकास्ट, आणि अगदी तळाला एक ओळ, 'मराठीत दशावतार चांगला आहे म्हणतात'. म्हणतात म्हणजे काय? बाकीच्या प्रत्येक गोष्टीवर परिच्छेद लिहिलाय आणि आपल्या भाषेतला सिनेमा ऐकीव माहितीवर उरकला.

12 सप्टेंबर 2025 ला एकाच शुक्रवारी दशावतार, आरपार आणि बिन लग्नाची गोष्ट असे तीन मराठी सिनेमे लागले. पुढच्या शुक्रवारी साबर बोंडं आला. जानेवारीत अमेरिकेतल्या संडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमाच्या विभागात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालेला सिनेमा, आणि तुमच्या यादीत त्याचं नावही नाही! मराठी सिनेमाचं आयुष्य शुक्रवार ते रविवार ठरतं. रविवारी सीटा रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी. 30 तारखेला यादी टाकून कुणाला काय मिळणार? शिफारस करायचीच तर गुरुवारी रात्री करा.

संथवाचक
माझं नाव घेतलंय म्हणून सविस्तर लिहिते. एक, मी न बघता शिफारस करत नाही, म्हणूनच 'म्हणतात' असं प्रामाणिकपणे लिहिलं. दोन, गुरुवारी रात्री जे लिहितात ते ट्रेलर बघून लिहितात, आणि त्या कौतुकावर विश्वास ठेवून मी भरपूर पैसे घालवलेत. महिनाभर बघून, ऐकून, गाळून जे उरतं ते मी देते. तीन, मराठी आहे म्हणून टाका हा आग्रह मला मान्य नाही.

आणि माझी यादी कोण वाचतं तेही सांगते. माझी आई उदगीरला असते, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. तिला मी दर महिन्याला फोनवर यादी वाचून दाखवते, ती वहीत लिहून घेते आणि भाचा तिला टीव्हीवर लावून देतो. तिच्या दृष्टीने 12 तारीख काय नि 30 काय. थेटरात जाणाऱ्यांनीच सिनेमा बघायचा असं कुठे लिहिलंय?

खिडकीची_सीट
आईंचा मुद्दा कबूल. पण थेटरात पडलेला मराठी सिनेमा त्यांच्या टीव्हीवर तरी कधी येणार? मराठीचे हक्क घेताना ओटीटीवाले आधी थेटरातला गल्ला विचारतात, हे निर्मातेच जाहीर मुलाखतींमधून सांगत आलेत. म्हणजे पहिला शुक्रवार बुडाला की आईंची यादीही बुडाली.

मालवणी_खाजा
दशावताराचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमचा तालुका दोडामार्ग. सिनेमा आमच्या सिंधुदुर्गावर, त्यातला नायक बाबुली मेस्त्री आमच्यातला, खाणींचा प्रश्न आमच्या डोंगरांचा, आणि तो बघायला आम्ही हद्द ओलांडून गोव्यात गेलो, कारण तालुक्यात पडदाच नाही. परतताना रात्री एक वाजला. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर बाबुलीचं जे काम केलंय ते बघून माझे वडील, ज्यांनी जत्रेत आयुष्यभर रात्र रात्र जागून दशावताराचं लोकनाट्य बघितलं, ते गाडीत गप्प बसून होते. आमच्याकडे लिहिलेले संवाद नसतात हो, आख्यान ठरतं आणि नट जागेवर बोलतो. ते अंगात असलेला माणूस पडद्यावर दिसला. त्यावर 'म्हणतात' एवढंच? राग येणारच.

पडद्यामागचा
मी बरीच वर्षं एका मल्टिप्लेक्सला ड्युटी मॅनेजर होतो, आता त्या लाइनीत नाही. शो कमी करणं म्हणजे मराठीद्वेष असं दरवेळी लिहिलं जातं, ते चूक आहे. 2009 च्या निर्माता-मल्टिप्लेक्स वादानंतर हिंदीसाठी जे ठरलं त्यात तिकिटांच्या कमाईतले निर्मात्याकडे पहिल्या आठवड्यात 50 टक्के, मग साडेबेचाळीस, मग साडेसदतीस, आणि पुढे 30 टक्के जातात. म्हणजे सिनेमा जितका जास्त टिकेल तितका थेटराचा वाटा वाढतो. भरलेला सिनेमा उतरवण्यात थेटराचंच नुकसान आहे. सोमवारी दुपारी अकरा माणसं बसली की मॅनेजर काय करेल?

खिडकीची_सीट
तुम्ही त्या अकरा माणसांना दुपारी साडेबाराचा शो दिलात म्हणून अकरा आले! नोकरदार माणूस साडेबाराला कसा येणार? 12 तारखेलाच डेमन स्लेअर हा जपानी अ‍ॅनिमेशनपट लागला, त्याला पहाटेपासून शो होते. 19 ला हिंदी जॉली एलएलबी 3 आला आणि संध्याकाळच्या सगळ्या वेळा त्याने घेतल्या. मग म्हणायचं मराठीला प्रेक्षक नाही.

पडद्यामागचा
डेमन स्लेअरचे पहाटेचे शो भरले होते, आगाऊ बुकिंगवर. मराठी प्रेक्षक आगाऊ बुकिंग करत नाही, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ठरवतो. बुधवारी रात्री शेड्यूल लावणाऱ्यापुढे फक्त आकडा असतो.

वैदर्भीय_७०एमएम
दादा, मालकांची वकिली बंद करा. 2015 ला सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी दाखवा म्हणून सांगितलं तेव्हा केवढा गोंधळ झाला! शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 असं ठरलं. म्हणजे तुमचा तो साडेबाराचा शोसुद्धा नियमात बसला. ही फसवणूक नाही तर काय? आमच्या भागात तर पोस्टर लागतं आणि सिनेमा येतच नाही. चौकशी केली तर काउंटरवरचा मुलगा हिंदीत म्हणतो, डिमांड नहीं है.

पडद्यामागचा
वेळेच्या व्याख्येबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, 12 ते 9 ही पळवाटच होती. पण वकिली हा शब्द मागे घ्या. मी स्वतः भांडून एका मराठी सिनेमाला संध्याकाळी सातचा शो मिळवून दिला होता आणि त्यासाठी वरून बोलणी खाल्ली.

वैदर्भीय_७०एमएम
शब्द मागे घेतो. राग तसाच आहे.

एडिसनकर
तुम्ही शोच्या वेळेवर भांडताय. आमच्याकडे न्यू जर्सीत मराठी सिनेमा लागतो तो इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी पुढाकार घेतला तरच, बऱ्याचदा रविवारी एकच खेळ. आम्ही शेकडो घरांना मेसेज करतो, चांगला आहे का एवढंच लोक विचारतात, आणि त्या दिवशी दाखवायला मराठीत एक धड परीक्षण सापडत नाही. त्यामुळे मी खिडकीची_सीट यांच्या बाजूने. पण संथवाचक, तुमची यादी आम्ही इकडे वाचतो, बंद करू नका.

ठेका_चुकला
सिनेमा, सिनेमा, सिनेमा. धागा संगीताचाही होता ना? यादीत एक मराठी गाणं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. 2024 ला तांबडी चामडी आलं, क्रेटेक्स आणि श्रेयसचं, स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच लेबलवर मराठी हाउस म्युझिक, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत! ते लग्नाच्या वरातीत वाजायला लागल्यावर मग लोकांना कळलं. स्वतंत्र गाणी करणाऱ्या पोरांना शुक्रवारही नसतो आणि शोही नसतो, त्यांच्याकडे फक्त असल्या याद्याच असतात. माझा धाकटा भाऊ घरच्या खोलीत गाद्या लावून रेकॉर्ड करतो. एका यादीत नाव आलं तर तो पुढचं गाणं करेल, एवढं सोपं आहे ते.

संथवाचक
ठेका_चुकला, हा मुद्दा मला खरंच लागला. भावाचं गाणं पाठवा, ऐकेन, आवडलं तरच लिहीन.

खिडकीची_सीट, न बघता शिफारस करणार नाही हे पुन्हा सांगते. पण गुरुवारी रात्री 'उद्या मराठीत हे हे लागतंय, कुठल्या शहरात किती वाजता' एवढी नुसती नोंद टाकायला माझी हरकत नाही. मत नाही, फक्त वेळा. आणि शुक्रवारचा पहिला शो बघून मत तुम्ही लिहायचं, त्याच रात्री.

खिडकीची_सीट
शुक्रवारी माझी सेकंड शिफ्ट असते. शनिवारी सकाळी दहापर्यंत लिहीन. आणि साबर बोंडं ओटीटीवर आला की तो यादीत सगळ्यात वर हवा. वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी अडकलेल्या मुलाची इतकी हळुवार गोष्ट आईंना दाखवा, मग बोलू.

संथवाचक
वर की खाली ते मी बघितल्यावर ठरवेन.

मालवणी_खाजा
गुरुवारच्या नोंदीत म्हापसा आणि पणजीच्या वेळाही टाका. आमच्या बाजूची माणसं तिथेच जातात.