शब्दचर्चा : ‘सुगी’ आणि ‘सुगीचा सण’

विचारणा (कोल्हापूर)

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी निरनिराळ्या प्रांतांतील पिकांच्या सणांवर निवेदन लिहायचे आहे. पोंगल, ओणम आणि बिहू यांना ‘सुगीचे सण’ म्हणावे असे काहींचे मत पडले, तर एका शेतकरी पालकांनी ‘सुगी म्हणजे काम, सण नव्हे’ असा आक्षेप घेतला. या शब्दाची व्याप्ती नेमकी किती आहे? तसेच आपल्या भागातला सण म्हणून या रांगेत बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, बसवावा, अशी सूचना आली आहे, ती कितपत योग्य ठरेल?

उत्तर (गडहिंग्लज)

पालकांचा आक्षेप आमच्याकडच्या बोलण्याला धरूनच आहे. ‘औंदा सुगी लवकर आली’, ‘सुगीत माणूस गावत न्हाई’, ‘सुगी उरकली की लग्नाचं बघू’ या वाक्यांत सुगी म्हणजे कापणीपासून धान्य घरात येईपर्यंतचा काळ आणि त्या काळातली सगळी धावपळ. पीक जोडून ‘भाताची सुगी’, ‘सोयाबीनची सुगी’ असेही म्हणतात. सीमेपलीकडे कन्नडात ‘सुग्गी’ हा शब्द याच अर्थाने चालतो. मात्र तिथे संक्रांतीला ‘सुग्गी हब्ब’, म्हणजे सुगीचा सण, असे सरळ म्हटले जाते. त्यामुळे ‘सुगीचा सण’ ही जोडणी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या बोलण्यात ती रुळलेली नाही, इतकेच.

आपल्याकडे सुगीतला विधी घडतो तो खळ्यावर, आणि त्याला पंचांगातली ठरावीक तिथी नसते. जमीन चोपून, शेणाने सारवून खळे तयार करायचे, मळणी झाली की वाऱ्याच्या दिशेने उभे राहून धान्य उफणायचे आणि स्वच्छ धान्याची रास लागली की तिच्यापुढे नारळ फोडायचा, असा तो क्रम होता. रास मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. मळणी यंत्रे आल्यापासून धान्य थेट पोत्यात पडते, त्यामुळे खळे गेले आणि त्याच्याबरोबर तिवडा (मळणीसाठी खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब), उफणणी हे शब्दही मुलांच्या कानावरून गेले. (निवेदनात एखादे वाक्य यासाठी जरूर राखावे, मुलांना पोंगलचे मडके ठाऊक असते, पण आपल्या आजोबांचे खळे ठाऊक नसते.)

बेंदराबद्दल मात्र स्पष्ट सांगतो की तो कापणीचा सण नव्हे. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला येतो आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. त्या वेळी शेतात कापण्याजोगे काही नसते. पेरण्या झालेल्या किंवा चाललेल्या असतात आणि मशागतीत राबलेल्या बैलाचा तो मान असतो. शिंगे रंगवणे, झूल घालणे, पुरणपोळीचा घास देणे हे सारे बैलासाठी आहे, धान्यासाठी नाही.

पुरवणी (शिरोळ)

उसाला सुगी हा शब्द लागत नाही, ही गोष्टही नोंदवावी. जिल्ह्याचा मोठा भाग उसावर जगत असूनही आम्ही ‘उसाची सुगी’ म्हणत नाही. शेतात ‘तोड’ येते आणि कारखान्यात ‘गळीत हंगाम’ चालतो. गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात गाळपासाठी ऊस टाकण्याच्या जागेत, मोळी टाकून हंगामाचा आरंभ होतो, हा एक विधीच आहे, पण त्याला कोणी सण म्हणत नाही.

उत्तर (लातूर)

आमच्याकडची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, अशा याद्यांत हमखास घातली जाते. मार्गशीर्ष अमावस्येला रब्बीचे पीक शेतात उभे असते. कडब्याची खोप करून तिच्यात पूजा मांडतात आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असे जेवण घेऊन आप्तेष्टांसह वावरातच पंगत बसते. पूजा उभ्या पिकाच्या काळ्या आईची असते, सुगीला अजून अवकाश असतो. कन्नडात याच दिवसाला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात आणि तिथे ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, त्यामुळे ‘वेळ’ या शब्दाचा घड्याळाशी संबंध जोडू नये.

उत्तर (गडहिंग्लज)

बिहूबाबतही एक भेद ठेवावा लागेल. आसामात बिहू तीन आहेत : बोहाग बिहू नववर्षाचा, काती बिहू कार्तिकातल्या तुटवड्याच्या दिवसांचा आणि माघ बिहू धान्य घरात आल्यानंतरचा. सुगीशी नाते सांगायचे असेल तर तिसऱ्याचेच सांगता येते. पोंगलला अडचण नाही, कारण नव्या तांदळाचे मडके उतू जाऊ देणे हाच त्या सणाचा गाभा आहे.

आपल्याकडचा सण हवाच असेल, तर बेंदराऐवजी नवान्न पौर्णिमा किंवा भोगी-संक्रांत घ्यावी. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीच्याच दिवशी, नव्या धान्याचा नैवेद्य दाखवतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, घेवडा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी असते. संक्रांतीच्या सुगडात ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे भरतात, म्हणून ‘सुगड’ हा शब्द सुगीवरून आला असे कोणी सांगण्याची शक्यता आहे. तो ‘सुघट’ या संस्कृत शब्दावरून आलेला आहे. निवेदनात ती व्युत्पत्ती शिरू देऊ नये.

विचारणा (कोल्हापूर)

आभारी आहे. शीर्षक ‘नव्या धान्याचे सण’ असे करतो, ओणम आणि पोंगल ठेवतो, बिहूच्या आधी ‘माघ’ घालतो आणि बेंदूर वगळून नवान्न पौर्णिमा घेतो. ‘सुगी’ हा शब्द खळ्याच्या परिच्छेदात येईल.