ड्राफ्ट हुकला म्हणजे सगळं संपलं असं नाही

कुणीतरी म्हटलंय की लहान कॉलेजचा बास्केटबॉल खेळाडू एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत, निवडला गेला नाही की त्याचं करिअर संपलं. नाही पटत. डंकन रॉबिन्सन कॉलेज बास्केटबॉलच्या तिसऱ्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनच्या विल्यम्स कॉलेजातून मिशिगन विद्यापीठात गेला, 2018 ला ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही, मायामी संघाने टू-वे करार दिला (एनबीए संघ आणि त्याची जी-लीग, म्हणजे दुय्यम लीगमधली टीम, दोन्हीकडे खेळायचा करार). 2019-20 मध्ये पठ्ठ्याने 270 थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे बास्केट) मारले, तेही 44.6 टक्के अचूकतेने!

दुसऱ्या फेरीच्या शेवटी निवडलं जाण्यापेक्षा न निवडलं जाणं कधीकधी बरं. निवडले गेलात तर तुमच्याशी करार करायचा हक्क त्या संघाकडे. नाही तर जिथे जागा रिकामी आहे तो संघ एजंट शोधतो. प्रत्येक संघाकडे टू-वेच्या 3 जागा, त्या करारावर मोसमातल्या 82 पैकी जास्तीत जास्त 50 सामने. ते जमलं नाही तर एक्झिबिट 10 नावाचा करार: सराव कॅम्पमधून काढलं तरी त्याच संघाच्या जी-लीग टीममध्ये 60 दिवस टिकलात की बोनस.

गाडी अडते ती उंचीवर. सहा फूट सातचा पोरगा लहान कॉलेजात सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून वीस-वीस पॉइंट काढतो, पण एनबीएत त्याला विंगवाल्यांना (बाजूने खेळणाऱ्या चपळ खेळाडूंना) अडवायचं असतं. त्यात थ्रीची रेषा कॉलेजपेक्षा दीडेक फूट लांब. म्हणून स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारे) त्याची पॉइंटची सरासरी बाजूला ठेवून, नेम कळावा म्हणून फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची) टक्केवारी आणि बचावासाठी पायांची हालचाल आधी बघतात.