बिबट्याची जनजागृती शाळेत पुरे, आता ती ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर न्या

घोडकाठ:
पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यातल्या शाळांमध्ये बिबट्याचे कार्यक्रम होतात. वनखात्याची माणसं येतात, व्हिडिओ दाखवतात, चित्रकलेची स्पर्धा होते, घोषणा देत फेरी निघते. वाकून बसू नका, एकटे फिरू नका, अंधार पडल्यावर उसाच्या कडेने जाऊ नका. सांगतात ते खरंच आहे आणि मुलांना ते पाठही आहे.

पण आठवीतल्या पोराला हे कळून घरात काय बदलतं? शेतीपंपाची वीज पाळीने येते. पाळी रात्रीची असली की बापाला बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावंच लागतं. गोठ्याला जाळी नसते, कारण तेवढे पैसे नसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उसाला लागूनच पडतात. ना दार, ना दिवा. आईबाप पहाटे उसाच्या फडात तोडीला गेले की लेकरं तिथेच बांधावर खेळतात. त्यांची नावं आमच्या शाळांच्या हजेरीपटावर नसतात. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका, ती मुलं कार्यक्रमाला नसतातच. शाळेतले कार्यक्रम कमी करा आणि ती माणसं, तो पैसा कोप्यांवर आणि ग्रामसभेत लावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खडूफळा:
कोप्यांवर जा, जरूर जा. पण शाळेतलं कमी करा हे मला मुळीच मान्य नाही. मी याच भागात शिकवते. तोड चालू असताना बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा पूर्वी काय व्हायचं ते आठवा. लोक पिल्लं उचलायचे, हातात घेऊन फोटो काढायचे आणि मादी चवताळून आसपास फिरत राहायची. आता बऱ्याच फडांत तोड थांबते, वनखात्याला फोन जातो. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, संध्याकाळी सापडल्या जागीच ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्रीतून येऊन घेऊन जाते. फोन करणारी ही तरुण पोरं कुठून शिकली? माझ्या माहितीतल्या काहींनी तरी ते वर्गातच ऐकलं होतं. शिक्षणाचं फळ पुढच्या हंगामात दिसत नाही, त्याला दहा वर्षं लागतात.

उसवाला:
दहा वर्षं थांबायला आम्हाला वेळ नाही. जनजागृती म्हणजे जबाबदारी आमच्या गळ्यात घालणं. लेकरू एकटं का सोडलं, रात्री शेतात का गेलात, सगळे प्रश्न आम्हालाच. बिबट्या पकडायचा तर परवानगी वरून येईपर्यंत गावाने जीव मुठीत धरून बसायचं. पिंजरे लावा, उचला आणि लांब नेऊन सोडा. एवढंच मागणं आहे.

डोंगरअकोले:
लांब नेऊन सोडणं हा उपाय करून झालाय, तोही जुन्नरमध्येच. 2001 नंतर तिथे बरेच बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढलेले आढळले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इकडे रिकाम्या जागी दुसरं येतं. पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावले. 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 बिबटे निघाले, तेही जंगलात नाही, शेतीच्या मुलखात. तिथे बिबट्याने माणूस मारल्याची नोंद तेव्हा नव्हती. आमच्याकडे महादेव कोळी आणि ठाकर वसुबारसेला वाघबारस करतात, वाघ-बिबट्याचं दैवत असलेल्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. जनावर शेजारी आहे हे आजीकडूनच कळतं, त्यासाठी वेगळा तास लागत नाही. शाळेने हे विचारायला हवं. बाहेरून आणलेलं भित्तिपत्रक लावून मोकळं होऊ नये.

उसवाला:
ते अकोल्याचं. इकडे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला. आजचा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच मोठा होतो. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरात तुम्ही हा अभ्यास वाचून दाखवाल का?

डोंगरअकोले:
नाही दाखवणार. त्या घरी आधी मदत पोचली पाहिजे, आणि माणसावर हल्ला करणारं जनावर पकडलंच पाहिजे. माझा विरोध आहे तो दिसला बिबट्या की लाव पिंजरा, याला.

बोरिवली:
मुंबईचं सांगते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या (एसजीएनपी) कडेला हल्ले झाल्यावर 2011 मध्ये वनखातं, संशोधक आणि नागरिकांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. त्यात मुलं होती, पण मुख्य बोलणं मोठ्यांशी होतं. बातमी कशी द्यावी हे पत्रकारांशी, गर्दी कशी आवरावी हे पोलिसांशी, कचरा उचला हे सोसायट्यांशी. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, एवढी साखळी लोकांना समजावली. म्हणून मूळ मुद्दा मला पटतो.

खडूफळा:
कचरा पालिका उचलते. इथे कोपी कुठे पडावी हे कोण ठरवतं, मुकादम की कारखाना?

घोडकाठ:
टोळी कारखान्याची, मग जागाही कारखान्याने द्यावी. उसापासून लांब, दिवा आणि कुंपण असलेली. लहान मुलांसाठी साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा, तिथेच भरवा आणि बाई, तुमचा तो बिबट्याचा तास तिथे घ्या, आईबाप फडातून परतल्यावर. टोळ्यांतली बरीच माणसं मराठवाड्यातून येतात, म्हणून त्यांच्याशी बोलणारा तिकडचाच कुणी असला तर आणखी चांगलं, कारण बऱ्याच जणांनी गावाकडे उसातला बिबट्या पाहिलेलाच नसतो. आमच्या ग्रामसभेत हा ठराव आणि दिवसाच्या विजेचा ठराव, दोन्ही मी मांडणार आहे.

खडूफळा:
साखरशाळेत मी येईन. पण माझ्या वर्गातला तासही चालूच राहील.

उसवाला:
दिवसाच्या विजेच्या ठरावावर माझी सही धरा. पिंजऱ्याची मागणी मात्र मी त्याच सभेत मांडणार.